धुराड्याचा हिशेब



जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यांत अंकुशनगर नांवाची एक वसाहत आहे. तिचें नांव जुन्या बखरींत सांपडावयाचें नाहीं. कारण ती कोणा सरदारानें वसविलेली पेठ नसून साखर कारखान्याभोंवतीं उभी राहिलेली वस्ती आहे. गोदावरीवर पैठणपाशीं जायकवाडीचें धरण झालें. १९६५ सालीं लालबहादुर शास्त्री यांनीं त्याची कोनशिला बसविली आणि १९७६ सालीं इंदिरा गांधी यांनीं त्याचें उद्घाटन केलें. त्या धरणाच्या डाव्या कालव्याचें पाणी अंबड-घनसावंगीच्या काळ्या रानांत खेळूं लागलें, ज्वारी-कापसाच्या बांधाला लागून ऊस उभा राहिला, आणि समर्थ सहकारी साखर कारखाना निघाला. कारखाना आला म्हणजे धुराडें आलेंच. त्या धुराड्याच्या धुराचा हिशेब द्यावा लागतो, हें आपणांपैकीं पुष्कळांस ठाऊक नसेल. हा हिशेब देण्याची चाल कशी पडली, ह्याचा इतिहास आज आपणांपुढें मांडावयाचा आहे.

दसरा-दिवाळीच्या सुमारास साखर कारखान्यांतून बॉयलर-अग्निप्रदीपनाचा समारंभ होतो. पुढें गव्हाणींत उसाची मोळी पडते आणि गाळपाचा हंगाम सुरू होतो. रस काढून घेतल्यावर उसाचा जो चोथा राहतो, त्यास कारखान्याच्या भाषेंत बगॅस म्हणतात. शंभर टन उसामागें हा चोथा २८ ते ३० टन निघतो. म्हणजे रोज २५०० टन ऊस गाळणाऱ्या कारखान्यांत दररोज ७०० टनांच्या आसपास चोथा सांचतो. त्याचा जवळजवळ निम्मा भाग पाणीच असतें. हाच ओलसर चोथा बॉयलरखालीं जाळून वाफ करितात, आणि त्या वाफेवर कारखाना चालतो. कोळसा विकत घ्यावा लागत नाहीं, ही सोय मोठीच. परंतु चोथ्याचे तंतु हलके असल्यामुळें अर्धवट जळलेले कण व राख धुराबरोबर वर उडतात आणि वाऱ्याच्या दिशेनें शेतांवर, छपरांवर व दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर येऊन बसतात. साखर कारखान्याच्या परिसरांत चार महिने काढलेल्या माणसास ही काजळी निराळी सांगावयास नको.

ह्या धुराचा हिशेब कोणीं ठेवावा, तो कोणीं तपासावा, आणि तो कोणास दाखवावा, ह्या तीन प्रश्नांभोंवतीं हवेच्या कायद्याचा सारा इतिहास फिरत आला आहे. पहिल्या दोन प्रश्नांचीं उत्तरें शोधण्यांत दीडशें वर्षें गेलीं. तिसऱ्याचें उत्तर अद्यापि पुरतें सांपडलेलें नाहीं.

नुसत्या मनाईनें धूर थांबत नाहीं, हें जगाला फार पूर्वीं कळून चुकलें होतें. इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड ह्यानें चौदाव्या शतकाच्या आरंभीं लंडनमध्यें दगडी कोळसा जाळण्यास बंदी केली. पण लांकूड महाग होत गेलें, कोळसा स्वस्त राहिला, आणि बंदी कागदावरच विरून गेली. हुकूम होता; तो पाळला जातो कीं नाहीं हें रोजच्या रोज पाहणारी यंत्रणा मात्र नव्हती.

ती यंत्रणा १८६३ सालीं निर्माण झाली. त्या काळीं मिठापासून धुण्याचा सोडा करणारे इंग्लंडांतील कारखाने हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ सरळ हवेंत सोडीत. आसपासचीं झाडें करपत, पिकें जळत. पार्लमेंटनें कायदा करून ठरविलें कीं, ह्या वाफेचा शेंकडा ९५ भाग कारखान्यांतच जिरविला गेला पाहिजे. हवेविषयींच्या नियमांत असा नेमका आंकडा येणें ही नवी गोष्ट होती. आंकडा आला म्हणजे तो मोजणारा माणूस आला. रॉबर्ट अँगस स्मिथ नांवाच्या रसायनशास्त्रज्ञाची पहिला निरीक्षक म्हणून नेमणूक झाली. उठल्यासुटल्या खटले भरण्यापेक्षां कारखानदारास वाफ जिरविण्याची रीत समजावून देण्यावर त्याचा भर असे. १८७४ च्या कायद्यानें, व्यवहारांत शक्य असेल तो उत्तम उपाय योजण्याचें बंधनहि मालकांवर घातलें. ह्या पद्धतीनें पुष्कळ काम झालें. मात्र पुढें पुढें ह्या खात्यावर असा आक्षेप येऊं लागला कीं, निरीक्षक आणि मालक ह्यांचें जें कांहीं ठरतें तें बंद दाराआड ठरतें, आणि ज्याचें पीक करपतें त्या शेजाऱ्यास त्याचा पत्ता लागत नाहीं. हा आक्षेप लक्षांत ठेवावा. तो आपल्याला अंकुशनगरांत पुन्हां भेटणार आहे.

आतां आपल्या देशाकडे वळूं. १८६० च्या भारतीय दंडसंहितेंत, हवा आरोग्यास अपायकारक करणाऱ्यास पांचशें रुपयांपर्यंत दंड सांगणारें २७८ वें कलम होतें. तें चांगलें होतें. पण अपायकारक म्हणजे किती, ह्याचें माप त्यांत नव्हतें. दरम्यान मुंबईस १८५४ सालीं कावसजी दावर यांनीं पहिल्या कापड गिरणीचा पाया घातला, आणि पन्नास वर्षांत परळ-लालबागच्या आकाशांत धुराड्यांची रांग उभी राहिली. कलकत्त्याची स्थितीहि निराळी नव्हती. म्हणून १९०५ सालीं बंगालमध्यें आणि १९१२ सालीं मुंबईंत धुराच्या उपद्रवाचा खास कायदा झाला. त्याच्या अंमलबजावणीसाठीं स्वतंत्र आयोग व निरीक्षक नेमण्याची तजवीज झाली. हवेच्या रक्षणासाठीं आपल्या प्रांतांत निर्माण झालेली ही पहिली खास कचेरी म्हणावयास हरकत नाहीं.

ह्या कायद्याची कसोटी तीन गोष्टींची होती : धूर किती काळा आहे, तो किती उंचीवरून सुटतो, आणि तो किती वेळ टिकतो. काळेपणा ठरविण्यासाठीं त्या काळीं जगभर रिंगेलमान ह्या फ्रेंच प्राध्यापकाचा तक्ता वापरीत. पांढऱ्या कागदावर काळ्या रेघांची जाळी काढून फिक्या करड्यापासून पूर्ण काळ्यापर्यंत छटा केलेल्या असत. निरीक्षकानें तो तक्ता दूर उभा करावयाचा, रेघा एकमेकींत मिसळून करडा रंग दिसूं लागला म्हणजे धुराड्याच्या तोंडाशीं असलेल्या धुराशीं तो ताडून पाहावयाचा, आणि किती मिनिटें कोणती छटा दिसली तें वहींत टिपावयाचें. साधन साधें, पण त्यानें एक मोठी गोष्ट साधली. 'फार धूर येतो' ही तक्रार आणि 'मुळींच येत नाहीं' हें उत्तर, ह्या दोहोंमध्यें एक तिसरा साक्षीदार येऊन उभा राहिला. निरीक्षकाच्या हातीं दुसरेंहि एक शस्त्र होतें, आणि तें दंडापेक्षां धारदार होतें. काळा धूर म्हणजे न जळलेला कोळसा, म्हणजेच वायां गेलेला पैसा. फायरमनला कोळसा एकदम न टाकतां थोडा थोडा व सारखा पसरून टाकावयास शिकविलें, तर धूरहि कमी होतो व कोळसाहि वांचतो, हें मालकास पटविणें अवघड नव्हतें.

तथापि ह्या कायद्याच्या मर्यादाहि उघड होत्या. नजर अंधारांत चालत नाहीं. ती रंग पाहते. न दिसणारे वायु आणि बारीक धूळ तिला कळत नाहीं. शिवाय धूर कमी होण्याचें श्रेय सर्वस्वीं कायद्यास देतां येत नाहीं. टाटांच्या जलविद्युत् योजनेनें १९१५ सालीं खोपोलीहून मुंबईस वीज येऊं लागली, आणि ज्या गिरण्यांनीं ती घेतली त्यांना तेवढा कोळसा जाळण्याचें कारण उरलें नाहीं. उत्तम उपाय हातीं आला म्हणजे नियम पाळणें सोपें जातें, हा धडा तेथें मिळाला.

सर्वांत मोठी मर्यादा सामाजिक होती. गिरणीचा मालक मलबार हिलच्या वाऱ्यावर राहत असे आणि गिरणी-कामगार धुराड्याच्या पायथ्याशीं चाळींतल्या एका खोलींत राहत असे. धूर काढणारा एक आणि श्वासांत घेणारा दुसरा. कायदा मालकाला विचारी, निरीक्षकाला ऐके. चाळींतल्या माणसाला त्या हिशेबांत खातेंच नव्हतें.

आणि जालन्याचें काय? हा कायदा ब्रिटिश मुंबई इलाख्याचा. जालना तर निजामाच्या हैदराबाद संस्थानांत होतें. सप्टेंबर १९४८ मध्यें तें संस्थान भारतांत विलीन झालें, १९५६ सालीं मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यांत आला आणि १ मे १९६० रोजीं महाराष्ट्रांत. जालन्याची पेठ कापसाच्या व्यापाराबद्दल प्रसिद्ध होती. पण तिच्या धुरासाठीं मुंबईसारखा कायदा तिच्या वांट्यास आला नव्हता.

डिसेंबर १९५२ मध्यें लंडनवर धुराचें दाट धुकें चार-पांच दिवस बसून राहिलें व पहिल्या अंदाजाप्रमाणें चार हजार माणसें दगावलीं. १९५६ सालीं तेथें शुद्ध हवेचा कायदा झाला. हवेची गोष्ट केवळ कपडे मळण्याची नसून जीव जाण्याची आहे, हें त्यानंतर जगाला निराळें सांगावें लागलें नाहीं. महाराष्ट्रानें १९६९ सालीं जलप्रदूषणाचा स्वतःचा कायदा केला व ७ सप्टेंबर १९७० रोजीं प्रदूषण नियंत्रण मंडळ स्थापन केलें. १९७२ सालीं स्टॉकहोमची जागतिक परिषद झाली. तेथें मान्य केलेल्या जबाबदारीस अनुसरून संसदेनें १९८१ सालीं हवेच्या प्रदूषणाचा कायदा संमत केला, आणि तो १६ मे १९८१ पासून अंमलांत आला. योगायोग असा कीं, त्याच्या बरोबर पंधरा दिवस आधीं, १ मे १९८१ रोजीं, जालना जिल्हा अस्तित्वांत आला होता. कायदा आणि जिल्हा हीं एका पंधरवड्याचीं भावंडें!

परंतु कायदा झाला म्हणजे तो सर्वत्र लागू झाला असें नव्हे. हा कायदा ज्या प्रदेशास 'वायु-प्रदूषण नियंत्रण क्षेत्र' म्हणून जाहीर करावें तेथेंच पुरतेपणीं चाले. महाराष्ट्रांत २ मे १९८३ रोजीं प्रथम कांहीं भाग तसे जाहीर झाले, आणि ६ नोव्हेंबर १९९६ रोजीं संबंध राज्य जाहीर झालें. म्हणजे मुंबईच्या धुराला १९१२ सालीं जें बंधन पडलें, तसें बंधन राज्यांतल्या प्रत्येक खेड्याच्या आकाशाला पडावयास चौऱ्याऐंशी वर्षें लागलीं. ह्या मधल्या काळांत १९८४ च्या डिसेंबरांत भोपाळची भयंकर घटना घडली. तिच्या पाठोपाठ १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा झाला, आणि १९८७ सालीं हवेच्या कायद्यांत दोन महत्त्वाच्या दुरुस्त्या झाल्या. एकीनें मंडळास कारखाना बंद करण्याचा व त्याचें वीज-पाणी तोडविण्याचा आदेश देतां येऊं लागला. दुसरीनें कोणाहि नागरिकास, साठ दिवसांची नोटीस देऊन, स्वतः न्यायालयांत तक्रार नेतां येऊं लागली.

आतां हा कायदा कारखान्यांत प्रत्यक्ष कसा पाळला जातो तें पाहूं. कारखाना उभारण्यापूर्वीं एकदां, आणि चालविण्यापूर्वीं पुन्हां, मंडळाचें संमतिपत्र घ्यावें लागतें. संमतिपत्र म्हणजे नुसता परवाना नव्हे. तो अटींचा करार असतो. धुराडें किती उंच असावें, कोणतें इंधन किती जाळावें, कण पकडण्यास कोणतें यंत्र बसवावें, हें सारें त्यांत लिहिलेलें असतें. धूर गरगर फिरवून जड कण खालीं पाडणारें एक यंत्र असतें, पाण्याच्या फवाऱ्यानें कण धुणारें दुसरें, आणि विजेच्या ओढीनें बारीक कण पकडणारें तिसरें. १४ जानेवारी १९१६ नव्हे, २०१६ च्या केंद्र सरकारच्या अधिसूचनेनें साखर कारखान्याच्या धुरांत एका घनमीटरामागें १५० मिलिग्रॅमहून कमी कण असावेत अशी मर्यादा घातली. हें वजन चिमूटभर मिठाहून अधिक नव्हे. आणि १९१२ च्या निरीक्षकाच्या डोळ्यांना तें कधींच तोलतां आलें नसतें.

तें तोलण्यासाठीं धुराड्याच्या अंगाला वर एक भोंक ठेवलेलें असतें, आणि तेथवर चढण्यास शिडी व उभें राहण्यास चौथरा असतो. धूर ज्या वेगानें वर जातो त्याच वेगानें त्याचा थोडा अंश नळींतून ओढून घेतात, गाळणींत सांपडलेले कण वाळवितात, आणि गाळणीचें आधींचें व नंतरचें वजन ताडून पाहतात. मंडळाच्या अधिकाऱ्यानें असा नमुना न्यायालयांत पुरावा म्हणून मांडावयाचा असेल, तर कारखानदारास तशी नोटीस देऊन त्याच्यासमक्ष तो घ्यावा, मोहोरबंद करावा व त्यावर दोघांच्या सह्या व्हाव्यात, असें कायदा सांगतो. ही पद्धति किचकट वाटते खरी. पण ज्यावर उद्यां कारखाना बंद पडूं शकेल, असा आंकडा दोन्ही पक्षांसमोर जन्मावा हेंच योग्य.

असा नमुना वर्षांतून कांहीं वेळांच घेतां येतो, आणि साखर कारखान्याची आग रोज सारखी नसते. चोथा अधिक ओला आला, बॉयलर नुकताच पेटविला, किंवा मध्येंच गाळप थांबून पुन्हां सुरू झालें, म्हणजे धुराची जात बदलते. म्हणून ५ फेब्रुवारी २०१४ रोजीं केंद्रीय मंडळानें निर्देश काढून, अधिक प्रदूषण करणाऱ्या सतरा प्रकारच्या उद्योगांनीं धुराड्यांतच अखंड मोजणारीं यंत्रें बसवावींत आणि त्यांचे आंकडे आपोआप मंडळाकडे जावेत, असें ठरविलें. साखर उद्योग ह्या सतरांत आहे. रिंगेलमानच्या तक्त्याला रात्रीं दिसत नव्हतें. ह्या यंत्राला दिसतें. पण यंत्र कारखान्याच्या खर्चानें, कारखान्याच्या आवारांत चालतें. तें वेळच्या वेळीं पारखून घेतलें नाहीं तर त्याचा आंकडा खोट्या तराजूसारखा ठरतो. म्हणून जालन्याच्या उपप्रादेशिक कार्यालयांतील अधिकाऱ्यास धुराड्याइतकेंच त्या यंत्रावरहि लक्ष ठेवावें लागतें. आणि त्याच्याकडे एकटा अंकुशनगरचा कारखाना नसून, शहरालगतच्या पोलाद वितळविणाऱ्या व सळया ओढणाऱ्या कारखान्यांसह सारा जिल्हा असतो.

शिक्षेचें स्वरूपहि पालटलें आहे. २०२३ च्या जनविश्वास कायद्यानें हवेच्या कायद्यांतील कैदेच्या जागीं बहुतांशीं दहा हजारांपासून पंधरा लाख रुपयांपर्यंतचा दंड आला, आणि तो न्यायनिर्णय अधिकाऱ्यानें ठरवावा अशी तरतूद १ एप्रिल २०२४ पासून लागू झाली. कोणी म्हणेल, धाक गेला. कोणी म्हणेल, वर्षानुवर्षें रेंगाळणाऱ्या खटल्यापेक्षां तत्काळ होणारा दंड बरा. अनुभवानें काय तें ठरेल. पण एक गोष्ट स्पष्ट आहे : धाक कमी झाला तर हिशेब अधिक उघडा असावा लागेल.

येथेंच आपला तिसरा प्रश्न उभा राहतो. हिशेब कोणास दाखवावयाचा? जानेवारी २०१९ मध्यें सुरू झालेल्या राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमांत जालना शहराचा समावेश झाला. पण तो कार्यक्रमच शहरांसाठीं आहे. धुराड्याच्या तोंडाशीं माप लागलें, तें कारखान्यांतून काय बाहेर पडतें हें सांगतें. अंगणांत खेळणारें पोर काय श्वासांत घेतें हें सांगत नाहीं. हंगामांत कारखान्याच्या आसपास कोप्या बांधून राहणारीं ऊसतोड कुटुंबें चार-पांच महिने त्याच हवेंत चूल पेटवितात, तेथेंच निजतात. तीं ना सभासद, ना गांवचे मतदार. इंग्लंडांतील करपलेल्या पिकाच्या मालकाला आणि लालबागच्या चाळकऱ्याला ज्या दारांतून परत जावें लागलें, तें दार त्यांच्यापुढेंहि बंदच असतें.

तरी अंकुशनगरासारख्या ठिकाणीं एक गोष्ट अशी आहे, जी गिरणगांवांत कधींच नव्हती. सहकारी कारखान्याचा मालक दूर टेकडीवर राहत नाहीं. ज्याचा ऊस गव्हाणींत पडतो तोच भागधारक, त्याचेंच शेत धुराड्याच्या छायेंत, त्याचीच मुलें त्या वाऱ्यांत वाढणारीं. सभेंत प्रत्येक सभासदाला एकच मत, मग त्याचे भाग कितीहि असोत. धूर काढणारा आणि धूर घेणारा येथें पुष्कळ अंशीं एकच आहे. आणखी एक मौजेची गोष्ट पाहा. सहकारी संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांच्या आंत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत, भरावी असा कायदा आहे. आणि वर्षभर किती पाणी, किती इंधन वापरलें व किती प्रदूषण बाहेर सोडलें ह्याचें विवरणपत्र कारखान्यानें मंडळास दरसाल ३० सप्टेंबरपर्यंत द्यावें, असा नियम १९९३ सालापासून आलेला आहे. दोन्ही हिशेबांची मुदत एकच. पण एक सभेपुढें वाचला जातो आणि दुसरा पाकिटांतून कचेरींत जातो.

हा दुसरा कागदहि त्याच सभेंत वाचून दाखवावयास कोणत्याहि नव्या कायद्याची गरज नाहीं. उसाला भाव काय मिळाला ह्याबरोबरच धुराड्यानें हंगामांत किती कण सोडले, मर्यादा किती दिवस ओलांडली गेली, आणि पुढील अग्निप्रदीपनापूर्वीं काय दुरुस्त होणार, हें सभासदानें विचारावें व अध्यक्षांनीं सांगावें. सभेच्या मंडपाबाहेर कोप्यांत राहणाऱ्यांसाठीं तोच आंकडा मराठींत, मोठ्या अक्षरांत, कारखान्याच्या फाटकावर लिहिला जावा. निरीक्षक वर्षांतून कांहीं वेळां येतो; सभासद बारा महिने तेथेंच असतो. त्याला आपल्या हवेचा आंकडा वाचतां येऊं लागला, तर १८६३ पासून अर्धवट राहिलेलें काम मराठवाड्यांतल्या एका वसाहतींतहि पुरें होऊं शकेल.